रात्रपाळीची कॉफी आणि माझे दात

कॉफीने दात पिवळे पडतात, हे आपण सर्वच ऐकत आलो आहोत. परंतु हा रंग नेमका कुठे बसतो, त्याने दात किडतो का, आणि तो काढायचा झाल्यास आधी काय व नंतर काय करायचे, हे मला जळगावला उपचार घेताना समजले. भुसावळला माझी रेल्वेतली नोकरी आहे आणि तिच्यात रात्रपाळी ठरलेली. आमच्या खानदेशात तसे चहाचेच राज्य; तरी रात्री दोननंतर डोळा लागू नये म्हणून आम्ही बरेच जण घरून थर्मासमध्ये गोड कॉफी नेतो आणि तीच पहाटेपर्यंत घोट घोट पुरवतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला तपकिरी थर आणि दातांच्या फटींत काळसर रेघा दिसू लागल्या, तेव्हा मी दंतवैद्यांकडे जाण्याचे ठरवले.

घरी मात्र या निर्णयाला विरोध होता. अमळनेरची मावशी म्हणाली, ‘‘मशीन लावं की दात ढिल्ला व्हई जातस रे भाऊ,’’ आणि तिने लिंबू-मीठ चोळायला सांगितले. ही भीती आपल्याकडे इतकी पसरलेली आहे की मी पहिला प्रश्न तोच विचारला. डॉक्टर मॅडमनी आरसा हातात देऊन दाखवले, की दात आणि हिरडी यांच्यामध्ये कीटण, म्हणजे साचून कडक झालेला थर, घट्ट बसलेले असते. ते निघाले की तिथे मोकळी जागा जाणवते आणि सुजलेली हिरडी आकसते, म्हणून दात हलल्यासारखा वाटतो. खरे तर दाताचा आधार कमी होतो तो कीटण वर्षानुवर्षे तसेच राहिल्यामुळे. लिंबू-मिठाला त्यांनी स्पष्ट नकार दिला, कारण लिंबाचे आम्ल दातावरचे कवच म्हणजे इनॅमल मऊ करते आणि मिठाचे खडे ते घासून काढतात. कोळशाची पूडही त्याच कारणाने टाळावी. इनॅमल एकदा झिजले की शरीर ते पुन्हा तयार करत नाही.

तपासणीत त्यांनी विचारलेला एक प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘‘किती कप पिता ते नंतर सांगा, एक कप किती वेळ चालतो ते आधी सांगा,’’ असे त्या म्हणाल्या. लाळेतील प्रथिनांचा एक पातळ पापुद्रा दातावर सतत असतो आणि कॉफीतील टॅनिनसारखे घटक त्याला धरून रंग चढवतात. हा रंग बहुतांशी बाहेरचाच असतो. त्याने दात कुरूप दिसतो, किडत नाही. कीड लागते ती साखरेमुळे. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. तोंडातला पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात, आणि लाळेला ते पूर्ववत करायला अर्धा तास ते तासभर लागतो. काळ्या कॉफीचा पीएचसुद्धा साधारण ५ च्या आसपास असतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी गोड घोट घेत राहिले, तर लाळेला आपले काम करायला रात्रभर उसंतच मिळत नाही. त्यानंतर आपण सकाळी तोंड न धुता झोपतो आणि झोपेत लाळही कमी सुटते. रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाने हे समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

दात साफ करणे, म्हणजे स्केलिंग, एका बैठकीत झाले. यंत्राचे टोक वेगाने कंप पावते, त्यावर पाण्याची बारीक धार असते आणि गालाशी धरलेली नळी ते पाणी ओढून घेते. खालच्या दातांमागे टोक लागले तेव्हा कानशिलापर्यंत कर्रकर्र जाणवले, थंड पाण्याने शिणशिण झाली, थोडे रक्तही आले. चूळ भरल्यावर भांड्यात तपकिरी कपच्या दिसल्या. त्यानंतर फिरत्या रबराने आणि खरबरीत पेस्टने पॉलिशिंग केले. रंगांच्या पट्टीशी आधी आणि नंतर ताडून पाहिले, तर बराच फरक पडला होता. पुढचे काही दिवस थंड पाणी झोंबले. पोटॅशियम नायट्रेटच्या टूथपेस्टने ते शमले.

दात पांढरे करण्याचे, म्हणजे ब्लीचिंगचे, मी विचारले होते. पेरॉक्साइड इनॅमलच्या आत शिरून रंगाचे कण मोडते, मात्र जुन्या सिमेंटचा किंवा कॅपचा रंग त्याने बदलत नाही. माझ्या पुढच्या एका दातात दातरंगी सिमेंट भरलेले आहे. भोवतालचा दात उजळला असता तर ते उठून दिसले असते. शिवाय वयानुसार इनॅमलखालचा पिवळसर थर अधिक दिसू लागणे स्वाभाविकच आहे. म्हणून मी ब्लीचिंग केले नाही आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. ज्यांना करायचे आहे त्यांनीही आधी कीड आणि हिरड्या तपासून घ्याव्यात, नंतर स्केलिंग करावे, आणि उरलेला रंग पाहूनच ठरवावे.

कॉफी मी सोडलेली नाही. रात्री ती एकदाच, डब्यानंतर, बिनसाखरेची आणि दूध घालून घेतो. दुधातील केसीन टॅनिनला बांधून ठेवते, त्यामुळे डाग कमी धरतात. पिऊन झाले की साध्या पाण्याने खळखळून चूळ भरतो. ब्रश लगेच करत नाही, कारण आम्लाने मऊ झालेले इनॅमल त्या वेळी अधिक झिजते. निदान अर्धा तास जाऊ देतो. घरी आल्यावर झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने दात घासणे मात्र कितीही डोळे मिटत असले तरी चुकवत नाही. खालच्या फटींत पुन्हा फिकट रेघ धरू लागली आहे. पुढच्या तपासणीत ती पॉलिशिंगनेच निघेल, असे मॅडमनी सांगितले आहे.