डोंगरावर नेलेली पाऱ्याची नळी

हवेला वजन असते, हे इटालियन शास्त्रज्ञ तोरिचेल्ली यांच्या पाऱ्याच्या नळीने सुचवले होते. परंतु ते पटवून देण्याचे श्रेय मी १९ सप्टेंबर १६४८ या दिवसाला देईन. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्काल यांच्या सांगण्यावरून त्यांचे मेहुणे फ्लोरँ पेरिए फ्रान्समधील प्यूई द डोम हा डोंगर चढले आणि शिखरावर त्यांनी एका टोकाला बंद असलेली, पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केली, तेव्हा आतला पारा पायथ्यापेक्षा सुमारे साडेआठ सेंटीमीटर खाली उतरला. उंचावर डोक्यावरची हवा कमी, म्हणून भांड्यातल्या पाऱ्यावरचा, नळीतला पारा तोलून धरणारा दाबही कमी. मला विशेष भावते ती पेरिए यांची सावधगिरी: तशीच दुसरी नळी त्यांनी खाली क्लेरमाँच्या मठात ठेवली आणि तिथल्या एका पाद्र्याला दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला सांगितले. तो पारा जागचा हलला नाही. त्यामुळे फरक बदलत्या हवामानाने पडला, अशी शंका घ्यायला वावच उरला नाही.