गेमिंग साइटसाठी गेटवे शोधायला निघालो तेव्हाची गोष्ट

इंदूरला रामबागेत आमच्या जुन्या घराच्या माडीवर बसून मी आठ वर्षं वेबसाइटी बनवतोय. साड्यांची दुकानं, कोचिंग क्लास, एक नमकीनवाले, असे सगळे क्लायंट, आणि साइटला पेमेंट गेटवे, म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे घेऊन दुकानदाराला पोचवणारी सेवा, जोडणं म्हणजे माझ्यासाठी दोन-तीन दिवसांचं काम, कागद अपलोड करा, केवायसी होऊ द्या, गेटवेची की (किल्ली) मिळाली की ती कोडमध्ये टाका, झालं. त्यामुळे २०२४च्या आयपीएलच्या थोडं आधी मावसभावाचा फोन आला की दादा एका पार्टीला गेमिंग साइटसाठी गेटवे हवाय, पैसे चांगले देतील, तेव्हा मी लगेच हो म्हटलं, गेमिंग म्हणजे नक्की काय हे विचारलंसुद्धा नाही.

विजय नगरला एका कॅफेत भेटलो. त्यांनी मोबाइलवर साइट दाखवली तर क्रिकेटवर प्रत्येक ओव्हरला पैसे लावायचे, खाली तीन पत्ती, रुलेट. मी जरा गप्प झालो. ते म्हणाले, भिया टेन्शन नका घेऊ, लायसन्स आहे आपल्याकडे, कुरासावचं. कुरासाव म्हणजे कॅरिबियनमधलं एक बेट, तिथलं लायसन्स घेऊन जगभर जुगाराच्या साइटी चालतात हे मला तेव्हा घरी येऊन वाचल्यावर कळलं. तिथलं लायसन्स इंदूरच्या माणसाकडून पैसे घ्यायला चालत नाही, हे कळायला अजून पंधरा दिवस गेले.

इथल्या तीन गेटवेंकडे अर्ज केले. पहिल्यानं त्याच दिवशी नाही म्हटलं. दुसऱ्यानं चार दिवस कागद मागितले आणि मग नाही म्हटलं. तिसऱ्याच्या ऑनबोर्डिंगवाल्या मुलीनं मात्र फोन करून नीट समजावलं, तिचे आभार मी आजही मानतो. ती म्हणाली, सर, प्रत्येक दुकानदाराला एक कॅटेगरी कोड लागतो, किराण्याचा वेगळा, औषधांचा वेगळा, आणि सट्टा-जुगाराचा कोड आहे ७९९५, तो दिसला की इथली बँक पुढे जातच नाही. मी म्हटलं मग रमीवाले, फँटसी क्रिकेटवाले कसे घेतात पैसे? तर तेव्हा त्यांचा आधार वेगळा होता, सुप्रीम कोर्टानं १९६७ मध्येच रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलेलं, त्यावर वकिलांचं मत घेऊन ते गेटवेकडे जायचे, वर ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूनं टाकलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आणि त्याआधी एप्रिल २०२३ पासूनच जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के टीडीएस लागायचा. रुलेटमध्ये कसलं आलंय कौशल्य, तिथे कोणता वकील लिहून देणार.

मग परदेशातले, ज्यांना हाय-रिस्क प्रोसेसर म्हणतात ते, म्हणजे जोखमीच्या धंद्यांचे पैसे घेणारे गेटवे. त्यांचं उत्तर आलं ते एकदम स्वच्छ होतं. लायसन्स कुठलं, खेळणारे कुठल्या देशातले, मागच्या सहा महिन्यांचे व्यवहार दाखवा, चार्जबॅक, म्हणजे ग्राहकानं बँकेमार्फत परत मागितलेले पैसे, किती टक्के येतात, डायरेक्टरांचे पासपोर्ट. शिवाय प्रत्येक व्यवहारातले १० टक्के ते १८० दिवस अडवून ठेवणार. हे अडवणं आधी मला लूट वाटली होती, पण त्यामागचं कारण बघा, रात्री कार्डावरून पैसे हरलेला माणूस सकाळी बँकेला फोन करून सांगतो की हा व्यवहार मी केलाच नाही, बँक पैसे परत मागते, आणि तोवर साइटवाला पळालेला असला तर भरणार कोण, प्रोसेसरच ना. आणि 'खेळणारे भारतातले' हे लिहिल्यावर त्यांनीही हात वर केले. आपल्या फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, नियमांतही लॉटरी, स्वीपस्टेक असल्या गोष्टींसाठी बाहेर पैसे पाठवायला २००० सालापासून सरळ मनाई आहे.

मी क्लायंटला सांगितलं, होत नाही. तो म्हणाला, काही हरकत नाही, दुसरा रस्ता आहे, तुमच्या ओळखीत करंट अकाउंटवाले असतील ना, छोटे दुकानदार, महिन्याचं भाडं देऊ, खातं आमच्याकडे, त्यांना काहीच करायचं नाही.

आणि खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या डोळ्यासमोर खालच्या काकू आल्या. त्या पोळी-भाजीचे डबे देतात, त्यांचा क्यूआर मीच काढून दिलाय, पासबुक घेऊन त्या माझ्याकडेच येतात आणि म्हणतात, बघ रे बाळा बरोबर आहे ना. मी तिथूनच उठलो, अॅडव्हान्स परत केला.

मावसभावाच्या एका मित्रानं मात्र खातं दिलं. त्याला वाटलं साइटवाल्यांचेच पैसे येताहेत. प्रत्यक्षात हरणाऱ्यांचे पैसे त्याच्या खात्यात यायचे आणि तासाभरात पुढे जायचे, आणि त्यातलेच काही कुणाला तरी फोनवरून फसवून काढलेले होते, त्या माणसानं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पोलिसांनी पैसा कुठून कुठे गेला ती साखळी धरली आणि साखळीत याचं खातं. सगळं होल्ड. बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसेही त्यातच. परराज्यातल्या पोलीस ठाण्यातून नोटीस आली तेव्हा त्याची आई आमच्या अंगणात बसून रडली. खातं भाड्यानं घेणाऱ्यांचे नंबर तोवर बंद.

ऑगस्ट २०२५ मध्ये कायदाच आला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावायचा कुठलाही ऑनलाइन खेळ, कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवला तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड, आणि त्याचे पैसे फिरवणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा. ड्रीम ११ नं पैशांचे कॉन्टेस्ट लगेच बंद केले. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका आमच्या मध्य प्रदेश हायकोर्टातही होत्या, त्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाकडे गेल्या. मला हा कायदा हवा होता. कौशल्यवाल्या कंपन्यांत नोकऱ्या गेल्या त्या मुलांचं वाईट वाटतं, पण त्या आईला रडताना बघितल्यावर मला दुसरं मत ठेवता येत नाही.

मेसेज अजून येतात, गेमिंगसाठी गेटवे मिळेल का. मी आधी विचारतो, खेळणारा पैसे टाकतो आणि पैसेच जिंकतो का? हो म्हटलं की नमस्कार करून फोन ठेवतो.

त्या मुलाचं खातं अजून पूर्ण मोकळं झालेलं नाही. तपास अधिकाऱ्याला ईमेल, बँकेचं स्टेटमेंट, लग्नाचे पैसे कुठून आले त्याचे कागद, सगळं मी त्याच्यासोबत बसून तयार करतोय, नोटिशीवरचा केस नंबर प्रत्येक पानावर घालून. सोमवारी परत ब्रँचला जायचंय, त्याची आई पण येते म्हणालीय.