सगळ्यात मोठं वादळ कोणतं?

मी भूगोल शिकवते. चक्रीवादळांचा धडा आला की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला: सगळ्यात मोठं वादळ कोणतं? मोठं म्हणजे वाऱ्याचा वेग, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. मी त्यांना आजच्या बांगलादेशातल्या भोला बेटाकडे नेते.

१२ नोव्हेंबर १९७०. रात्र, आणि त्यात भरती. बंगालचा उपसागर उत्तरेकडे नरसाळ्यासारखा निमुळता होतो, तळही उथळ. वाऱ्यानं रेटलेलं पाणी जाणार कुठे? ते गंगेच्या मुखाजवळच्या सपाट बेटांवर चढलं. अंदाज तीन ते पाच लाख मृत्यूंचे आहेत. याहून कितीतरी जोरकस वारे जगानं पाहिलेत, पण एवढी माणसं दुसऱ्या कुठल्याच चक्रीवादळात गेल्याची नोंद नाही.

नंतर पाहणीला गेलेल्या डॉक्टरांना वाचलेल्यांच्या छातीवर, दंडांवर, मांड्यांवर एकसारख्या सोलवटलेल्या जखमा दिसल्या. झाडाला घट्ट मिठी मारून पाण्याशी झगडल्याच्या त्या खुणा. ज्यांच्या हातांत तेवढं बळ नव्हतं, ते वाहून गेले. मृतांमध्ये निम्म्याहून अधिक दहा वर्षांखालची मुलं होती. हे वाक्य वर्गात उच्चारणं मला आजही जड जातं.

वादळ कुणाला दिसलंच नव्हतं असं नाही. उपग्रहानं टिपलं होतं, रेडिओवरून इशाराही गेला होता. पण त्या बेटांवर पळून चढावं अशी उंच जागाच नव्हती.

पुढे बांगलादेशानं खांबांवर उभ्या काँक्रीटच्या निवारा-इमारती बांधल्या, गावोगाव इशारा पोहोचवणारे स्वयंसेवक तयार केले. तरी १९९१ च्या चक्रीवादळात १,३८,००० माणसं गेली; काम अपुरं होतं. २००७ च्या भीषण सिडर चक्रीवादळात आकडा साडेतीन हजारांच्या आसपास राहिला. ओडिशातही तेच: १९९९ मध्ये जवळपास दहा हजार, २०१३ च्या फायलिनमध्ये पन्नासच्या आत, कारण लाखो लोकांना आधीच हलवलं होतं.

वाऱ्याच्या वेगावरून वादळांची क्रमवारी लावणं मला म्हणूनच पटत नाही. सिडरनंतर सहाच महिन्यांनी, मे २००८ मध्ये, त्याच उपसागरातून नर्गिस म्यानमारच्या इरावती खोऱ्यात शिरलं. वारा सिडरपेक्षा कमी होता. भारतीय हवामान खात्यानं म्यानमारला आगाऊ कळवलंही होतं. मृत आणि बेपत्ता मिळून आकडा पुन्हा १,३८,००० च्या घरात गेला.