तंबोरा लावून निवडलेले स्पीकर

बाबांचा तंबोरा मिरजेचा. ते गेल्यापासून कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात उभा असतो. गायचं माझ्याच्यानं होत नाही, पण दर रविवारी मी तो काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळी पट्टीच्या स्वरात, लावते. लहानपणी बाबांचं बोट धरून देवल क्लबात जायचे, तेव्हापासून गाण्याआधी तंबोऱ्याकडे कान जातो. घरातल्या ब्लूटूथ डब्यावर गाणं वाजायचं, तंबोरा मात्र ऐकूच यायचा नाही. म्हणून चांगले स्पीकर घ्यायचं ठरवलं. त्यात चार महिने गेले.

पहिल्या दुकानात माझी निराशा झाली. ‘बघा की ताई, बेस कसा येतोय,’ म्हणत त्यांनी उंच टॉवर स्पीकरवर सिनेमाचं गाणं लावलं. काउंटरची काच थरथरायला लागली. मी विलंबित ख्याल लावायला सांगितला, तर डग्ग्याची एक थाप विरायच्या आत दुसरी तिच्यावर चढत होती. गवयाचा आवाज माठातून आल्यासारखा. तसं बोलून दाखवल्यावर उत्तर मिळालं, ‘शास्त्रीयला काय, कुठलाही चालतोय.’ हे मला फार लागलं. उलट शास्त्रीय संगीतात स्पीकरला लपायला जागाच नसते. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराची, तार साधारण ६९ हर्ट्झवर बोलते आणि घोडीवरच्या दोऱ्यानं उमटणारी जवारी, म्हणजे तो झंकार, काही हजार हर्ट्झपर्यंत जाते. खालचं घुमता कामा नये, वरचं टोचता कामा नये आणि मधे माणसाचा गळा खरा वाटला पाहिजे. माहितीपत्रकात ‘४० हर्ट्झपासून’ असं छापलेलं असतं. तिथे आवाज किती डेसिबलनं पडलेला आहे हे लिहिलं नसेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही.

मग पुण्याला गेले. पेन ड्राइव्हवर तीनच गोष्टी होत्या. केसरबाई केरकरांची ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी) एक तबकडी, मल्लिकार्जुन मन्सूरांचा एक राग आणि घरी रेकॉर्डरवर टिपलेला आमचाच तंबोरा, पाच मिनिटं. थोर गवई अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते. केसरबाई त्यांच्या शिष्या, तर मन्सूर त्यांच्या मुलांचे, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांचे. म्हणजे हे गाणं आमच्या गावाच्या नात्यातलं. केसरबाईंची तबकडी परीक्षा घ्यायला फार चांगली. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरच्या स्वरांचा छोटा भाग, तिखट असेल तर तबकडीची खरखर पुढे येते आणि त्यांचा तो भरीव ‘आ’कार मागे सरतो.

खरा निकाल तंबोऱ्यानंच दिला. पहिल्या जोडीवर जवारीची भुणभुण झाली. दुसरी चार इंची वूफरची (खालचे स्वर वाजवणारा मोठा भाग), अगदी गोड. पण तिच्यात खर्ज कळत होता, त्याचं वजन नव्हतं. एका स्वरातून आपोआप उमटणारे वरचे स्वयंभू स्वर ऐकून कान खालचा स्वर स्वतःच भरून काढतो, तसं ते होतं. तिसरी जोडी साडेसहा इंची वूफर आणि कापडी डोम ट्वीटरची. डोळे मिटून ऐकत होते आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप तारा छेडायला लागली. तीच घेतली. ८ ओहम, संवेदनशीलता (एका वॉटला एक मीटरवर मिळणारा आवाज) ८७ डेसिबल. आमच्या खोलीला ५० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर पुरून उरतो.

घरी आणून लावले आणि पोटात गोळा आला. पुण्यात शांत असलेला खर्ज इथे नुसता घुमत होता. दोन दिवस झोप नीट लागली नाही. मग टेप घेऊन खोली मोजली. १६ फूट लांब, १० फूट रुंद. ध्वनीचा वेग धरून गणित केलं, तर १६ फुटांत सुमारे ३५ हर्ट्झची आणि तिच्या दुप्पट, म्हणजे ७० हर्ट्झची लहर कोंडते. आमचा खर्ज ६९! आणि मी बसत होते मागच्या भिंतीला टेकून, जिथे ती लहर सगळ्यात जोरात असते. बैठक भिंतीपासून तीन फूट पुढे ओढली, स्पीकर त्यांच्या मागच्या भिंतीपासून दोन फूट सोडले, शहाबादी फरशीवर जाड सतरंजी टाकली. घुमणं गेलं. एक रुपया न खर्चता झालेला हा फरक कुठल्याही महागड्या केबलनं झाला नसता, असं माझं ठाम मत आहे.

स्टँड मात्र करूनच घ्यावे लागले. विकतचे २४ इंची स्टँड खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी असतात. आम्ही गादीवर मांडी घालून ऐकतो, कान जमिनीपासून जेमतेम ३० इंचांवर. ट्वीटर कानाच्या रेषेत यावा म्हणून उद्यमनगरात १८ इंची लोखंडी स्टँड वेल्ड करून घेतले आणि नळ्यांमध्ये सुकी, चाळलेली वाळू भरली. आता नळीवर टिचकी मारली तर ठण्ण होत नाही, ठप्प होतं.

त्या रविवारी तंबोरा लावून कोपऱ्यात ठेवला आणि त्याचंच रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं. थोड्या वेळानं थांबवलं, तरी खोलीत बारीक गुंजन चालूच होतं. आई आतून म्हणाली, ‘अजून कोण छेडतंय गं?’ जवळ जाऊन खर्जाच्या तारेला बोट लावलं. तार थरथरत होती.