गच्चीवरची वही आणि लेखनाची कमाई

घरबसल्या लिहून खरंच पैसे मिळतात का, असं मला बरेच जण विचारतात. मी त्यांना उलट विचारते, लिहिणार कशाबद्दल? सगळं त्यावर ठरतं, हे मी अनुभवाने शिकले.

यांची कंपनी बंद पडली तेव्हा घरात दुसरी मिळकत हवीच होती. मला मराठी टायपिंग येत होतं, वाचन होतं, म्हणून मी लेख लिहून द्यायचं काम धरलं. केसगळती, वजन, वास्तू, जो विषय येईल तो. शब्दाला 20 पैसे. आधीचे पाच-सहा लेख वाचायचे आणि तेच नव्या शब्दांत मांडायचं, असं ते काम. त्यातून विजेचं बिल निघायचं, पण जीव रमत नव्हता. पुढे असले लेख यंत्राकडून फुकट मिळू लागले आणि माझ्याकडे ते काम येणं थांबलं.

भाजी मात्र आमच्या गच्चीवर आधीपासून होती. इंदूरमध्ये सुदामा नगरातलं आमचं घर, वर मोकळी गच्ची. सासूबाईंना भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारीच ‘मेथी टाकली’, ‘पालक काढला’ असं लिहायची सवय. त्यांचं पाहून मी वही केली. कधी पेरलं, कधी उगवलं, कीड कोणती आली, काय फवारलं, किती उतरलं, सगळं त्यात. ही वही उद्या पोट भरायला मदत करेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

पुण्याच्या एका संपादकांना कुंडीतल्या दुधीवर लेख हवा होता. मी वही समोर ठेवून लिहिला. दुधीला फुलं येतात पण फळ धरत नाही, ही घरोघरची तक्रार. सुरुवातीला बरेच दिवस नुसती नरफुलं येतात, त्यात वेलाचा दोष नाही. मादीफूल ओळखायचं ते त्याच्या देठाशी असलेल्या इवल्याशा दुधीवरून. गच्चीवर कीटक कमी फिरकतात, शिवाय दुधीचं पांढरं फूल उमलतं संध्याकाळी, मधमाश्या परतून गेल्यावर. म्हणून दिवेलागणीला नरफूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि आतला पिवळा पराग मादीफुलाच्या मधोमध हलक्या हाताने लावायचा. दोडक्याचंही संध्याकाळीच करावं लागतं. गिलकी आणि लाल भोपळा मात्र सकाळी लवकर. पराग नीट लागला असेल तर चार-पाच दिवसांत दुधी फुगताना दिसतो, नाहीतर पिवळा पडून गळतो.

संपादकांचा फोन आला. म्हणाले, “ताई, हे तुम्ही स्वतः करता ना? मग यापुढे असंच द्या.” दर त्यांनी आपणहून वाढवला.

तेव्हापासून माझा नियम एकच. जे स्वतः केलं नाही त्यावर लिहायचं नाही. विषय कमी पडतील अशी धास्ती होती, पण झालं उलटंच. माळव्याची काळी माती कुंडीत नुसती भरली तर पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते; तिच्यात निम्म्याहून जास्त शेणखत, पालापाचोळ्याचं खत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळावं लागतं. यावरच एक लेख झाला. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे 70 किलोमीटर चढून आमच्याकडे येतं, तेही एक दिवसाआड. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी साठवून झाडांना कसं द्यायचं, यावर दुसरा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे गेला की टोमॅटोची फुलं फळ न धरता गळतात. तिथे खत ओतून उपयोग नाही. 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधावी आणि टोमॅटोची मुख्य लावणी पावसाळा ओसरताना करावी. यावर तिसरा.

सगळ्यात मन लावून लिहिला तो खताचा लेख. आमच्या शहराचं नाव जगभरच्या शेतीत गेलं ते खतामुळेच. 1924 साली इथे सुरू झालेल्या शेती संशोधन संस्थेत इंग्रज शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी आपले सहकारी यशवंत वाड यांच्यासोबत खताची पद्धत बसवली, 1931 मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. पालापाचोळा, शेण, गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर, ओलावा सांभाळणं आणि ठरावीक काळाने ढीग उलथणं. साधारण तीन महिन्यांत खत तयार. भोकं पाडलेल्या ड्रममध्ये मी हेच छोट्या प्रमाणावर करते. गोठा नाही, म्हणून शेण दूधवाल्या भैयाकडून. दर वेळी ड्रम रिकामा करून खालचं वर, वरचं खाली करते. हात घातल्यावर आत ऊब लागली तर काम चालू आहे, आंबूस वास आला तर ओल जास्त झालीय, सुकी पानं घालायची. त्या लेखाला पहिल्यांदा शब्दाला रुपया मिळाला. हॉवर्डसाहेबांबरोबर वाडांचं नाव छापून आलं, याचा आनंद मला पैशांहून जास्त झाला.

एक अडचण राहिलीच. वाचक बहुतेक महाराष्ट्रातले, वही इंदूरची. आमच्याकडे ऑक्टोबरपासून रात्री थंड होतात, मेथी-पालक जोमात येतो. चिपळूणच्या दमटात तसं होईलच असं नाही. म्हणून लेख पाठवण्याआधी चिपळूणला आत्याला आणि नागपूरला भावाला फोन करते. आत्या म्हणाली, “अगं, आमच्याकडे पावसात कुंडीला छप्पर लागतं, ते आधी लिही.” ते लिहिलं. लेखाच्या वरच, हा अनुभव कुठल्या हवेतला आहे, हेही सांगते.

आता पैशांचं. लेखाबरोबर बिल द्यायचं. त्यावर नाव, पत्ता, पॅन, खाते क्रमांक, बँकेचा आयएफएससी कोड, शब्दसंख्या आणि दर हवा. दर, मुदत आणि दुरुस्त्या किती वेळा, हे काम सुरू होण्याआधी ईमेलवर लिहून घ्यायचं. एका ठिकाणी पैसे महिनोन्‌महिने अडकले होते, ते त्या ईमेलमुळेच सुटले. लेखनाच्या मानधनातून साधारणपणे 10 टक्के टीडीएस, म्हणजे देणाऱ्याने आधीच कापलेला आयकर, जातो. एकाच देणाऱ्याकडून वर्षाला 30,000 रुपयांपर्यंत कपात नसे. 2025-26 पासून ती मर्यादा 50,000 झाली. कापलेली रक्कम आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनवर दिसते की नाही, ते बघायचं. दिसली नाही तर देणाऱ्याला लगेच विचारायचं. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असलं तरी विवरणपत्र भरायचं, तेव्हाच ती रक्कम परत मिळते. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका हे पैसे तसेच सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. कष्टाचे पैसे आहेत ते.

या कमाईत आमचं सगळं घर चालत नाही. किराणा, वीज, मुलीची क्लासची फी निघते आणि ताजी भाजी घरचीच. यांना दुसरी नोकरी लागली, तरी मी काम सोडलेलं नाही. सध्या कमी उन्हाच्या गॅलरीत काय येतं, यावर लेखमाला चालू आहे. पुदिना, अळू आणि पालक तिथे चांगले येतात, मिरचीला मात्र ऊन लागतंच. पुढचा लेख अळूचा आहे, कंद कुंडीत पडलेत.