आधी डोंगर, मग नाव

न्यूझीलंडच्या शाळेत मुलं स्वतःची ओळख करून देतात तेव्हा नाव अगदी शेवटी येतं. आधी आपला डोंगर, मग नदी, पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी, कुळ, आणि मग आपण. इथले मूळ रहिवासी म्हणजे माओरी; त्यांच्या या रीतीला पेपेहा म्हणतात. आता बिगर-माओरी मुलंही ती शिकतात. लेकीला हा गृहपाठ मिळाला तेव्हा आम्हा नाशिककरांचं काम सोपं होतं: ब्रह्मगिरी आणि गोदावरी. होडीपाशी अडलो. तिच्या बाबांनी विमान सुचवलं, आणि बाईंनी ते चालवूनही घेतलं!

पण इथल्या शाळा कायमच अशा नव्हत्या बरं का. १८६७च्या कायद्याने माओरी मुलांना इंग्रजीतून शिकवायचं ठरलं, आणि पुढे शाळेत माओरी बोलल्याबद्दल अनेकांनी छड्या खाल्ल्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी मग पोटच्या मुलांशीही ती भाषा बोलायची टाळली. १९८२ मध्ये माओरी समाजाने कोहांगा रेओ नावाच्या बालवाड्या काढल्या, तिथे वडीलधारी माणसं पोरांशी माओरीतच बोलू लागली. १९८७ मध्ये भाषेला अधिकृत दर्जा मिळाला.

मला जास्त लागलं ते वेगळंच. २००१ च्या सुमारास वायकाटो विद्यापीठाच्या रसेल बिशप यांच्या गटाने माओरी मुलांना विचारलं, तुमचं शिकणं कशावर अवलंबून आहे? मुलं मुख्यतः शिक्षकांशी असलेल्या नात्याबद्दल बोलली. शिक्षकांना विचारलं, तर बहुतेकांनी बोट मुलांकडे आणि त्यांच्या घराकडे दाखवलं.

हे वाचलं आणि नाशिकची स्टाफरूम कानात वाजायला लागली. ‘घरी वातावरणच नाही हो!’ सुरगाणा, पेठकडची पोरं घरी कोकणा नाहीतर वारली बोलतात आणि आश्रमशाळेत थेट पुस्तकी मराठीसमोर बसतात. गप्प बसलेलं पोर आपल्याला ‘कच्चं’ वाटतं. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, तरी शहरातल्या किती जणांना या बोलींची चार वाक्यं येतात?

डोंगर-नदीची ओळख पाठ करून घ्यायची आणि पुढचा तास पूर्वीसारखाच चालवायचा, हेही इथे बघते; तो नुसता शोभेचा कार्यक्रम. बिशप यांच्या प्रकल्पात शिक्षकांचे तास कोणीतरी मागे बसून बघायचं आणि मग त्यावर त्यांच्याशी बोलायचं. आपल्याकडे पहिलीच्या वर्गात त्याच पाड्यावरची एखादी ताई बसवली, तरी पोरं निदान उत्तर द्यायला तोंड उघडतील.