हिरव्या नदीचा पत्ता

क्रीडेन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकन रॉक बँडची गाणी ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे नेहमी दक्षिणेकडच्या लुइझियाना राज्यातील दलदल आणि संथ, गढूळ पाणी उभे राहत असे. ही चार मुले तिकडचीच असणार, अशी माझी कित्येक वर्षे ठाम समजूत होती. प्रत्यक्षात ती वाढली तेथून सुमारे ३,००० किलोमीटर दूर, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडील एल सेरितो या गावात.

गेल्या ऑगस्टमध्ये फ्रीमाँटला ताईकडे गेलो असताना बार्ट या तिथल्या लोकल रेल्वेने थेट एल सेरितो गाठले. नावाचा स्पॅनिश अर्थ ‘छोटी टेकडी’. चढणीवरचे शांत रस्ते, बैठी घरे आणि वर उन्हाने करपून पिवळे पडलेले गवत. दलदलीचा मागमूसही नाही. जॉन फॉगर्टी, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड येथील शाळेत एकत्र आले, पुढे जॉनचा थोरला भाऊ टॉम त्यांना मिळाला. १९६८ मध्ये त्यांनी हे नाव घेतले, १९६९ या एकाच वर्षात तीन अल्बम काढले आणि १९७२ मध्ये बँड मोडलाही. सगळी सूत्रे जॉनच्या हाती असल्याचा सल इतरांच्या मनात होता; टॉम तर १९७१ मध्येच बाहेर पडला होता. त्यांची पाच गाणी बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली, पहिल्यावर मात्र एकही नाही.

दुसऱ्या दिवशी ताईने गाडी काढली आणि आम्ही विंटर्स गावाजवळच्या प्युटा क्रीक या ओढ्यावर गेलो. जॉनच्या लहानपणी फॉगर्टी कुटुंब सुट्टीत या ओढ्याकाठी येत असे. बँडच्या ‘ग्रीन रिव्हर’ या गाण्याचे नाव त्याला एका सरबताच्या बाटलीवर सापडले, पण गाण्यातील पाणी या ओढ्याचे, असे त्यानेच सांगितले आहे. म्हणजे दलदल कल्पनेतली असली, तरी पाणी खरे होते. १९५७ मध्ये पूर्ण झालेल्या माँटिसेलो धरणाने ओढ्याचा वरचा भाग बेरियेसा तलावाखाली गेला आहे. धरणाखालचा प्रवाह मात्र अजून हिरवट दिसतो आणि भर उन्हाळ्यातही इतका गार असतो की मी पाय घातले ते लगेच काढून घेतले. पलीकडे एक आजोबा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून गळ टाकत होते.

परतताना गाडीत ते गाणे लावले. अडीच मिनिटे होतात न होतात तोच ते संपले. “एवढंच?” ताईने विचारले, आणि मी ते पुन्हा लावले.